टाचदुखी कळवूनही ‘कोर्स पूर्ण करा’ असा सल्ला दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी व व्यवस्थापन,
ऑनलाइन वैद्यकीय सल्ला व औषध विक्री विभाग

विषय : लेव्होफ्लॉक्सासिनच्या दुष्परिणामाकडे केलेले दुर्लक्ष आणि त्यातून वडिलांच्या पायाला झालेली इजा

महोदय,

आपल्या ग्राहकसेवेशी आज झालेल्या बोलण्यानंतर फोनवर आणखी काही सांगण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे लेखी देत आहे. लेव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. ते आपलेच डॉक्टर लिहून देतात, आपणच घरपोच विकता आणि आपल्याच ॲपवर त्याच्या माहितीचे पान आहे.

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत व हे वय आपण नोंदणीच्या वेळीच विचारून घेतले होते. खोकला आणि छातीतील कफ यांसाठी त्यांनी व्हिडिओवर सल्ला घेतला, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी एकाच चिठ्ठीत, एकाखाली एक, लेव्होफ्लॉक्सासिन ५०० मि.ग्रॅ. आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहून दिले. लेव्होफ्लॉक्सासिन ज्या फ्लुरोक्विनोलोन गटातले आहे, त्या गटातील प्रतिजैविकांमुळे टेंडनला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या बंधाला) सूज येऊ शकते, तो तुटूही शकतो आणि साठीपुढच्या तसेच स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्येच काळ्या चौकटीत छापायला लावला. सायनसायटिस, ब्राँकायटिस आणि मूत्रमार्गाचा साधा संसर्ग यांत दुसरा पर्याय असलेल्या रुग्णांना ही औषधे देऊ नयेत, असेही त्याच संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. तरीही माझ्या तक्रारीचे मूळ चिठ्ठीत नाही. औषध म्हटले की दुष्परिणाम आलेच आणि दूर बसलेल्या डॉक्टरांना सगळेच ताडता येत नाही, एवढे मी समजू शकतो.

मूळ पुढे आहे. गोळ्या सुरू असतानाच वडिलांची उजवी टाच मागच्या बाजूने दुखू लागली आणि सकाळी उठल्यावर पाय टेकवेना. मी लगेच आपल्या चॅटवर वय, दोन्ही औषधांची नावे व दुखण्याची नेमकी जागा लिहून गोळ्या बंद कराव्यात का, असे विचारले. उत्तर आले : “अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये. कोर्स पूर्ण करा. दुखऱ्या जागी शेक द्यावा व हलका व्यायाम करावा.” टेंडन दुखू लागताच हे औषध थांबवावे, पायाला विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा, असे आपल्याच माहितीच्या पानावर लिहिलेले आहे. आपले पान एक सांगते आणि आपला चॅट त्याच्या नेमके उलटे! वडिलांनी चॅटवर विश्वास ठेवून कोर्स पूर्ण करत आणला आणि शेवटच्या गोळ्या उरल्या असताना घराच्या जिन्यावर टाचेमागचा तो टेंडन तुटला. मागून कोणीतरी काठी हाणली असे वाटून त्यांनी वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते. अस्थिरोगतज्ज्ञांनी पोटरी दाबून पाहिली तेव्हा पाऊल हलले नाही, म्हणजे टेंडन तुटलेलाच होता. शस्त्रक्रिया झाली असून वडील अजून वॉकर धरून चालतात.

आता आजचे संभाषण. आरंभी मला होल्डवर ठेवण्यात आले व त्या काळात आपण कुटुंबाची किती काळजी घेता, याची जाहिरात ऐकवण्यात आली. मग ज्येष्ठ म्हणवणारे एक अधिकारी आले. “सर, वयोमानानुसार हाडं ठिसूळ होतात,” असे ते म्हणाले. हाड मोडलेले नसून टेंडन तुटला आहे, असे मी सांगितले, तर उत्तर मिळाले, “तेच ते, सर.” ज्या कंपनीत हाड आणि टेंडन ‘तेच ते’ असतात, तिने औषधांऐवजी चपला विकाव्यात. पुढे त्यांनी विचारले की, पाकिटातले पत्रक आम्ही वाचले होते का. आपण पट्ट्या कापून, खाकी पाकिटात घालून पाठवल्या. पत्रक त्यात होते कुठे? त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “डॉक्टर स्वतंत्र आहेत सर, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत.” सल्ल्याचे पैसे आपण घेतले, चिठ्ठीवर बोधचिन्ह आपले आहे, गोळ्यांचे बिल आपले आहे, केवळ तुटलेला पाय तेवढा आमचा. शेवटी सद्भावना म्हणून पुढील सल्ल्यावर सवलतीचे कूपन देऊ करण्यात आले आणि फोन ठेवताच संभाषणाला पाचपैकी किती तारे देणार, असा संदेश आला.

केंद्र सरकारच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकांच्या तक्रारींसाठी योग्य यंत्रणा ठेवणे हे प्लॅटफॉर्मचेच काम आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला रुग्णास सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची मुभा नाही. म्हणून मला प्रथम हे कळवावे की, ‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य कोणी लिहिले. डॉक्टरांनी लिहिले असल्यास त्यांचे नाव व नोंदणी क्रमांक द्यावा. यंत्राने लिहिले असल्यास तसे स्पष्ट सांगावे. चॅटची व व्हिडिओ सल्ल्याची संपूर्ण नोंद द्यावी. शस्त्रक्रियेचा व औषधोपचारांचा सर्व खर्च भरून द्यावा. हा दुष्परिणाम गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे आपण कळवला का, तेही सांगावे. मी तो १८००-१८०-३०२४ या त्यांच्या क्रमांकावर नोंदवणारच आहे.

पुन्हा सांगतो, दुष्परिणाम झाला ही माझी तक्रार नाही. तो वेळेवर कळवला असताना, गोळ्या हातात शिल्लक असताना, आपण त्या घ्यायला लावल्या, ही तक्रार आहे. आमच्या तालुक्यात छातीचे डॉक्टर नाहीत, म्हणून शेजारच्या चार घरांना मीच आपले ॲप घ्यायला सांगितले होते. त्यांना आता काय सांगायचे ते मी ठरवले आहे.

मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपल्याविरुद्ध आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे संबंधित डॉक्टरांविरुद्ध तक्रार दाखल करीन. तक्रारीसाठी कायद्याने दोन वर्षे दिली आहेत; मला तेवढी लागणार नाहीत. कूपन रद्द करावे आणि या पत्रासंबंधी मला फोन करू नये.

तक्रारदार,
आपल्या ॲपवरील नोंदणीकृत ग्राहक

सोबत : चिठ्ठी, गोळ्यांचे बिल, चॅटची छायाचित्रे व शस्त्रक्रियेची कागदपत्रे