बाबांच्या तळहातावर पाणबुडी काढणाऱ्या मुलास

अरे मित्रा,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं. सिनेमा संपला, दिवे लागले, बाबांची काठी सीटखाली सरकली होती ती काढायला मी वाकले आणि वर बघते तो तू निघून गेलेलास. "येतो, आजोबा" असं तू म्हणालास म्हणे. ते बाबांनी ऐकलं, माझ्या कानावर आलंच नाही. म्हणून हे असं, उघड्यावर लिहितेय. २०२५ च्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारच्या खेळाला, पुण्यात, 'मिशन : इम्पॉसिबल'चा आठवा भाग बघताना मांडीवर हेल्मेट घेऊन एका आंधळ्या म्हाताऱ्याशेजारी बसलेला मुलगा तू असशील, तर हे तुझ्यासाठी आहे.

आधी बाबांविषयी सांगते, म्हणजे तू काय केलंस ते तुला कळेल.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. अडतीस वर्षं लेथवर उभे राहिले. इंग्रजी जेमतेम, पण इंग्रजी मारामारीचे पिक्चर म्हणजे जीव की प्राण. सुट्टीच्या दिवशी मला लुनावर मागे बसवून अलका टॉकीजला न्यायचे, नाहीतर राहुल टॉकीजला. आई म्हणायची, पोरीच्या जातीला कसले ते पिक्चर दाखवता. बाबांचं उत्तर ठरलेलं : मारामारीला भाषा लागत नाही, बाई-पुरुष लागत नाही, डोळे लागतात फक्त.

आणि डोळेच गेले. काचबिंदू. हा आजार चोरासारखा येतो, दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेची नजर आधी जाते, मधली शेवटी, आणि गेलेली परत येत नाही. आम्हाला पहिल्यांदा कळलं तेही सिनेमामुळेच. बाबा वैतागून म्हणाले, "हीरोचं थोबाड दिसतंय, पण ठोसा कुठून येतो तेच कळत नाही." आम्हाला वाटलं, हल्लीचे पिक्चरच तसे. बाबांना पडद्याचा मधला तुकडा तेवढा दिसत होता आणि बाजूने येणारा हात दिसत नव्हता, हे समजेपर्यंत फार उशीर झाला होता.

नजर पूर्ण गेल्यावरही ते म्हणायचे, तू सांग, मी बघतो. मग मी कानाशी लागून सांगायला लागले. त्यातून मला एक गोष्ट उमगली, आणि ती मी आता कुणाशीही वाद घालून मांडते. चांगली मारामारी सांगता येते. वाईट सांगताच येत नाही. १९८८ चा 'डाय हार्ड' घे. उंच इमारत, कुठल्या मजल्यावर चोर, कुठल्या मजल्यावर ओलीस, आपला माणूस अनवाणी, आणि पुढे फुटलेल्या काचा. चार वाक्यांत बाबांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं. जॅकी चॅनचा १९८५ चा 'पोलीस स्टोरी' घे. मॉलमधल्या खांबावरून दिव्यांच्या माळा तोडत तो खाली घसरतो. ती उडी खरी, म्हणून ती वेगवेगळ्या बाजूंनी तीनदा दाखवलीय. मीही बाबांना ती तीनदा सांगितली. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मध्ये एवढ्या गाड्या, एवढी वाळू, एवढा गोंधळ, तरी माझी जीभ एकदाही अडखळली नाही, कारण जॉर्ज मिलरने बघण्यासारखं जे आहे ते जवळजवळ कायम पडद्याच्या मध्यावर ठेवलंय. आणि ज्यात अर्ध्या अर्ध्या सेकंदाला चित्र बदलतं, कोण कुणाच्या डावीकडे आहे हेच दिसत नाही, तिथे मी नुसतं "मारतायत, बाबा, मारतायत" म्हणत बसते. ज्याने ते चित्रित केलं त्यालाही कोण कुठे उभं आहे हे माहीत नसणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर, हे सांगणं लोकांना नको असतं.

तुझ्या-आमच्या भेटीच्या दोनेक वर्षं आधी, दुसऱ्या एका थिएटरात, मी अशीच हळू आवाजात सांगत होते. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या बघूनच तिकिटं काढली होती. मागून आधी "शुक शुक" झालं. मग एक गृहस्थ, चांगले माझ्या वयाचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिसत नाही तर आणता कशाला?" तेवढ्यात टॉर्च आला. टॉर्चवाल्या पोरामागून मॅनेजर. त्यांनी बाबांच्या चेहऱ्यावर टॉर्च मारून बघितला. खरंच दिसत नाही ना याची खात्री करायला मारला असावा. तिकिटाचे पैसे परत देतो म्हणाले. बाबा स्वतःहूनच उठले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "चल, तसाही काही दम नव्हता पिक्चरमध्ये." पिक्चरमध्ये दम होता. त्यांना तो आवडत होता, हे मला त्यांच्या पायाच्या हलण्यावरून कळत होतं.

त्यानंतर सिनेमाचं नाव नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी कानात वर्णन ऐकवायची सोय असते, ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात त्याला. थिएटरांत ती असावी अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २०२४ मध्येच आली. आम्ही ज्या तिकीट खिडक्यांवर विचारलं तिथल्या माणसांनी हा शब्दच ऐकलेला नव्हता.

मग बाबा घरात बसून काय करत होते, तर मालिका ऐकत होते. तू मध्यंतरात विचारलंस ना, "आजोबा, घरी काय बघता?" 'बघता' म्हणालास. लोक हा शब्द बाबांपुढे उच्चारायला घाबरतात, अर्ध्यातच जीभ चावतात. तू सरळ विचारलंस आणि बाबा दहा मिनिटं खुलून बोलत राहिले. तुला वाटलं असेल, म्हातारा बडबड्या आहे. अरे, परक्या माणसाशी ते किती महिन्यांनी एवढं बोलले ते माझं मला माहीत.

त्यांनी तुला सांगितलं तेच त्यांचं खरं मत आहे. विनोदी मालिकेला डोळे लागत नाहीत, कारण घर एकच असतं. एकदा पाठ झालं की झालं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ साली सुरू झाली तेव्हा बाबांना लख्ख दिसत होतं. त्यामुळे आबा कुठे बसून डायरी लिहितात, शिऱ्या कुठल्या दारातून येतो, श्यामलवहिनी आतून बोलतायत की बाहेरून, हे त्यांना आवाजावरून समजतं. दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातला तो कापरा म्हातारपणा ऐकून ते म्हणतात, "बघ, आता हा चष्मा काढून पुसणार." शनिवार पेठेतल्या वाड्यात मालकांच्या टीव्हीपुढे जमिनीवर बसून त्यांनी प्रभावळकरांचा चिमणरावही पाहिला होता, म्हणून हा माणूस त्यांना घरचाच वाटतो. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' लावलं की रोसेशच्या कवितेला ते आधीपासूनच हसायला तयार असतात. माझा मुलगा 'फ्रेंड्स' लावतो. दोनशे छत्तीस भाग, त्याचे कितीदा झाले असतील देव जाणे. बाबांना त्यातलं इंग्रजी निम्मंही कळत नाही. पण बोलणारा थबकला की ते मान वर करतात आणि प्रेक्षकांच्या हशाच्या बरोबरीने हसतात. त्यांना विनोदाची लय कळते. लेथवर कान लावून टूल बोथट झालंय हे ओळखणारा माणूस आहे तो.

पण टिपरे कितीही लाडके असले तरी मारामारी ती मारामारी. पहिलं 'मिशन : इम्पॉसिबल' १९९६ चं. ते अलकाला पाहिलं की राहुलला, यावर आमच्याकडे अजून वाद आहे. त्यात हीरो दोरीला लटकून त्या पांढऱ्या खोलीत उतरतो आणि घामाचा एक थेंब पडू नये म्हणून सगळं थिएटर श्वास रोखून बसतं, तो प्रसंग बाबांनी मला शंभरदा सांगितला असेल. आठवा भाग येतोय हे नातवाकडून कळल्यावर ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कोपऱ्यातली तिकिटं मिळाली तर बघ."

कोपऱ्यातली मिळाली नाहीत. तू बाबांच्या पलीकडे येऊन बसलास आणि माझ्या पोटात गोळा आला. मी ठरवलं, एक अक्षर बोलायचं नाही. बराच वेळ बोललेही नाही. संवाद होते तोवर बाबांनी तसंच निभावलं.

मग पाणबुडी आली. समुद्राच्या तळाशी बुडालेली, आणि तिच्यात हा एकटा. संवाद जवळजवळ नाहीतच. नुसतं लोखंड करकरतंय, पाणी घुसतंय. बाबांनी माझं मनगट धरलं. मी कानात पुटपुटले, "पाण्याखाली आहे." पुढचा माणूस वळला. मी गप्प झाले. बाबांनीच हात सोडला. त्या हात सोडण्याने मला रडू आलं, ते तुला दिसलं का मला ठाऊक नाही.

तू काही विचारलं नाहीस. किती दिसतं, कधीपासून, काही नाही. "आजोबा, हात द्या" म्हणालास आणि त्यांचा उजवा तळवा उघडून त्यावर बोटाने एक लांबोडा गोल काढलास. "ही पाणबुडी. ही कड्याच्या टोकावर पडलीय, करंगळीच्या बाजूला खोल दरी. हा हीरो, इथे." अंगठ्याच्या उंचवट्यावर टिचकी. पुढचा माणूस परत वळला तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "काका, दहा मिनिटं सांभाळून घ्या ना, प्लीज." आणि त्याने घेतलं! मला हे कधी सुचलं नव्हतं, की माणसाकडे नुसतं मागायचं असतं.

मग पाणबुडी फिरायला लागली. आणि तू बाबांचा हातच फिरवायला लागलास. हळूहळू, पडद्यावर ती जशी कलंडत होती तशी. तळवा आडवा झाला, पालथा झाला, परत उलटा. "टॉर्पेडो सुटलेत, गडगडत येतायत," असं म्हणून तू त्यांच्या बोटांवर तुझी बोटं आपटलीस. मी पडद्याकडे बघायचं सोडून बाबांकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं, खांदे वर आले होते. अलकात माझ्या शेजारी बसायचे तसे. मी इतकी वर्षं शब्दांनी सांगत आले. अख्खी पाणबुडी त्यांच्या हातात द्यावी हे माझ्या मनात आलं नव्हतं.

विमानांच्या वेळी तू त्यांच्या दोन्ही मुठी घेतल्यास, लाल विमान उजवी, पिवळं डावी. एकावरून दुसऱ्यावर तो जातो तेव्हा तुझी दोन बोटं त्या मुठीवरून या मुठीवर चालत आली. तोवर बाबाच मुठी वरखाली करायला लागले होते. पावणेतीन तासांचा सिनेमा, त्यातला निदान तासभर तू तुझा सिनेमा सोडून बाबांच्या हातांकडे लक्ष दिलंस. तूही तिकीट काढून आला होतास.

तेव्हापासून मला चांगली माणसं जास्त दिसतात, किंवा मी जास्त बघते. आमच्या बसमधला एक कंडक्टर स्टॉप यायच्या आधी बाबांच्या खांद्याला हात लावून नाव सांगतो. कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना भेंडी मोडून बघू देतो. हे आधीही होत असणार. टॉर्चच्या त्या उजेडाने माझं लक्ष भलतीकडे गेलं होतं एवढंच.

आता बाबांचा निरोप. खरं तर त्यासाठीच ते पत्र लिही म्हणून मागे लागलेत.

तुला आठवत असेल, पाणबुडीतून बाहेर पडायला टॉर्पेडो सोडायच्या नळीशिवाय वाट नव्हती आणि पोशाखासकट तो तिच्यात मावत नव्हता. तू म्हणालास, "पोशाख काढतोय, आजोबा." बाबांनी विचारलं, "व्यास किती नळीचा?" तू त्यांचे दोन्ही हात धरून एकमेकांपासून लांब केलेस आणि म्हणालास, "एवढा असेल."

घरी आल्यावर त्यांनी नातवाला शोधायला लावलं. टॉर्पेडोच्या नळीचा नेहमीचा व्यास ५३३ मिलिमीटर, म्हणजे २१ इंच. मग जुनी पोलादी पट्टी काढली, माझ्या मुलाला भिंतीशी उभं केलं आणि बोटांनी चाचपत त्याचे खांदे मोजायला लावले. स्वतःचेही मोजून घेतले. पट्टीवरचा आकडा मी वाचला, हिशोब त्यांनी केला.

तुला सांगायला सांगितलंय : तू दाखवलेलं अंतर दोन बोटं जास्त होतं. पण माणूस मावतो. पोशाख काढला तर मावतो.