‘कंपनी फिटिंग’ म्हणून विकलेला टोइंग हूक बाहेरचा निघाल्याबाबत तक्रार

ता. केज, जि. बीड
दि. १६ जून २०२५

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय : ट्रेलर ओढण्यासाठी एसयूव्हीला बसवून दिलेला टोइंग हूक, त्याची वायरिंग आणि नाकारलेली वॉरंटी.

महोदय,

गेल्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, तुमच्या अधिकृत शोरूममधून मी डिझेल एसयूव्ही घेतली. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. इंजिन चांगले आहे आणि पावसात आमच्या काळ्या रानातल्या वाटेवरही ती कुठे अडली नाही. तक्रार आहे ती मागे बसवून दिलेल्या हुकाची. त्याहून मोठी तक्रार ही, की तो हूक नेमका कुणाचा, हे आठ महिन्यांत मला कुणीही सांगितलेले नाही.

माझ्याकडे चाळीस उस्मानाबादी शेळ्या आणि दोन एकर केशर आंबा आहे. बाजाराला दहा शेळ्या न्यायच्या तरी पिकअप भाड्याने सांगावी लागते. म्हणून दोन चाकांचा हलका ट्रेलर घ्यायचे ठरवले. रिकामा ट्रेलर ३२० किलोचा. एक शेळी पस्तीस किलो धरली तर दहा शेळ्यांसह तो ६७० किलोच्या आसपास जातो. एवढे वजन एसयूव्हीला जड नाही. प्रश्न होता तो हुकाचा: कंपनीचा घ्यावा की बाहेरून बसवून घ्यावा?

या प्रश्नावर आमच्या घरात पंधरा दिवस बोलणे चालले होते. लातूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने ११,००० रुपये सांगितले होते. माणूस जाणता. चासीला असलेल्या भोकांतच बोल्ट टाकतो, नवे भोक पाडत नाही, वेल्डिंगचा तर विषयच नाही, असे त्याने आधीच स्पष्ट केले. जालन्याला माझ्या मेव्हण्याच्या गाडीला तीन वर्षांपासून बाहेरचाच हूक आहे आणि त्याला काही झालेले नाही. त्यामुळे बाहेरचे म्हणजे वाईट असे मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. वडिलांचे म्हणणे होते, “लातूरच्या माणसाला उद्या जाऊन गाठता येईल. कंपनीला कुठं गाठशील?”

तरी मी ३८,५०० रुपये भरून तुमच्या शोरूमचा हूक घेतला, कारण कंपनीचा माल म्हणजे त्याच्यामागे कंपनी उभी असते, असा माझा समज होता. दुसरे कारण कायद्याचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेला मूळ तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचा तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. पुढे आरटीओत प्रश्न निघाला तर कंपनीचा कागद हाताशी असावा, एवढीच माझी इच्छा होती. बिलावर ‘जेन्युइन अॅक्सेसरी, टो बार’ असे स्वच्छ लिहिले आहे. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

हूक घेतानाच मी विक्री प्रतिनिधींना विचारले होते, की यावर जास्तीत जास्त किती वजन ओढायचे? हजार लिटरची पाण्याची टाकी ट्रेलरवर ठेवली तर चालेल का? ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या शेजारचे आम्ही. इथे ट्रेलर घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यावर पाणी ठेवणारच. उत्तर मिळाले, “दादा, काहीही ओढा, गाडी दणकट आहे.” हजार लिटर पाणी म्हणजे नुसते पाणीच हजार किलो. टाकी आणि ट्रेलर धरून तेराशेच्या वर. इंजिन ओढेल, पण उतारावर थांबवणार कोण? युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. तुम्ही हीच गाडी परदेशात विकता आणि तिथल्या माहितीपत्रकात ब्रेकच्या ट्रेलरसाठी एक आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी एक, असे ओढक्षमतेचे दोन आकडे छापता. मला मिळालेल्या पुस्तिकेत त्या जागी एकही आकडा नाही. लेखी आकडा नाही म्हणून मी टाकी आजवर ठेवली नाही.

आमच्याकडे बैलगाडी भरताना पोरालाही कळते, की गाडी उलाळ, म्हणजे मागे कलती, होता कामा नये आणि पुढे धुरेवर फार ओझेही येता कामा नये. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकाच्या गोळ्यावर, म्हणजे ट्रेलर जिथे अडकतो तिथे, यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर वेगात मागे डुलायला लागतो. जास्त आला तर गाडीचे नाक उचलते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. म्हणून चांगल्या हुकावर एक पट्टी ठोकलेली असते. हूक किती ओढ सोसेल आणि गोळ्यावर उभा भार किती चालेल, हे दोन आकडे तिच्यावर असतात. माझ्या ट्रेलरसाठी हा उभा भार ६७ किलोच्या आसपास येतो. तो तुमच्या हुकाला चालतो की नाही, हे मी कशावरून ठरवावे? त्यावर अशी पट्टी नाहीच.

आता मुख्य प्रसंग. जानेवारीत एका संध्याकाळी दहा शेळ्या घेऊन मी बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागच्या ट्रकवाल्याने सारखा हॉर्न दिला. बाजूला घेऊन पाहिले तर ट्रेलरचे दिवे बंद, आणि गाडीचे स्वतःचे ब्रेक लाइटही बंद. घाटात, अंधारात, मागे जड वाहनांची रांग आणि माझ्या गाडीला मागून लाल उजेडाचा ठिपका नाही. माझा बारा वर्षांचा मुलगा सोबत होता. त्याला मोबाइलची बॅटरी लावून कठड्याच्या आत उभे केले, तो क्षण मी विसरू शकत नाही.

सर्व्हिस सेंटरला गाडी नेली तेव्हा कारण कळले. गाडीचे मागचे दिवे एलईडी आहेत, त्यांना करंट फार थोडा लागतो. ट्रेलरचे ब्रेकचे बल्ब साधे, २१ वॅटचे, दोन. १२ व्होल्टला दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर खेचतात. हा सगळा भार गाडीच्या दिव्यांच्या बारीक वायरीवरच टाकला होता. वायर सोलायची, पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची, असे ते काम होते. बरोबर पद्धत अशी, की बॅटरीवरून फ्यूज टाकून वेगळी लाइन आणायची आणि गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घ्यायचा. त्यासाठी वेगळे मॉड्यूल मिळते आणि ते गाडीच्या सॉकेटात घट्ट बसते. लातूरच्या माणसाने ११,००० मध्ये हेच मॉड्यूल धरले होते. तुमच्या ३८,५०० मध्ये टेप होती.

त्या भाराने जळालेले दिव्यांचे कंट्रोल युनिट आणि मागची वायरिंग बदलण्याचे २७,४०० रुपये झाले. वॉरंटी नाकारली. कागदावर कारण लिहिले, ‘बाहेरील फिटिंग’. मी बिल दाखवले. सर्व्हिसचे लोक म्हणाले, अॅक्सेसरीचे काउंटर शोरूमचे आहे, त्यांना विचारा. शोरूम म्हणाले, आम्ही ते काम एका पार्टीला दिले होते, ती पार्टी आता आमच्याकडे नाही. म्हणजे पैसे घेताना हूक कंपनीचा होता आणि जळाल्यावर तो बाहेरचा झाला.

एप्रिलमधली गोष्ट वेगळी. ट्रेलर जोडलेला नव्हता. आईला बीडच्या दवाखान्यातून घरी आणत होतो. नेकनूरच्या अलीकडे मागचे चाक पंक्चर झाले. या गाडीची स्टेपनी मागे पोटाखाली टांगलेली असते. हँडल फिरवले, साखळी सैल झाली, पण चाक खाली येईना. हुकाची आडवी पट्टी बरोबर तिच्या वाटेत बसवली आहे. आई सत्तर वर्षांची, ऊन बेचाळीसच्या घरात, आणि आम्ही दीड तास बाभळीच्या सावलीला. शेवटी नेकनूरहून पंक्चरवाला आला आणि तेच चाक काढून नेले. हूक बसवणाऱ्याने एकदा स्टेपनी खाली-वर करून पाहिली असती तर हे टळले असते.

त्यानंतर मी लातूरच्या त्याच फॅब्रिकेटरकडे गेलो. मला संकोच वाटत होता, कारण त्याला काम न देता मी शोरूमकडे गेलो होतो. तो काही बोलला नाही. गाडीखाली गेला आणि मला टॉर्च धरायला सांगितली. चासीला दोन नवी भोके पाडलेली आहेत, त्यांच्या कडांना रंग नाही, गंज धरला आहे. एका बोल्टचा नट बोटाने फिरत होता. कंपनीच्या नावाचे स्टिकर नखाने सुटले, त्याखाली नुसता काळा स्प्रे. “यावर ट्रेलर जोडू नका,” एवढेच तो म्हणाला. तपासणीचे पैसेही त्याने घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी ट्रेलर जोडलेला नाही. शेळीवाल्याचा वर्षाचा मुख्य बाजार बकरी ईदच्या आधी असतो. यंदा ईद ७ जूनला होती. त्या आठवड्यात तीन वेळा पिकअप भाड्याने करावी लागली आणि माझा ट्रेलर अंगणात उभा राहिला.

तेव्हा माझी मागणी अशी. हा हूक कुणी बनवला आणि त्याची चाचणी झाली आहे का, हे कंपनीच्या शिक्क्यानिशी लेखी कळवावे. हूक तुमचा असेल तर २७,४०० रुपये परत करून वॉरंटी पूर्ववत करावी, आणि क्षमतेची पट्टी असलेला, चासीच्या मूळ भोकांत बसणारा, स्टेपनीला न अडवणारा हूक योग्य वायरिंगसह बसवून द्यावा. तुमचा नसेल तर हुकाचे ३८,५०० आणि दुरुस्तीचे पैसे दोन्ही परत करावेत, हूक काढून चासीच्या भोकांवर गंजरोधक उपचार करावा आणि चासीच्या वॉरंटीला बाधा येणार नाही असे लिहून द्यावे. मी पुन्हा लातूरला जाईन.

याच काउंटरवरून आणखी किती गाड्यांना असे हूक बसले, ते शोधून त्या मालकांना कळवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. घाटात मागचे दिवे जाणे काय असते, ते मी पाहिले आहे. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेतही ओढक्षमता छापावी. ती शून्य असेल तर शून्य छापावी, आम्ही मान्य करू.

तीस दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथेच दाद मागण्याची सोय या कायद्याने दिली आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल, वॉरंटी नाकारल्याचा कागद, दुरुस्तीची पावती आणि गाडीखालचे फोटो सोबत पाठवत आहे. गाडीचा चासी क्रमांक बिलावर आहे. यापुढे कृपया फोन करू नये. आजवर सहा फोन आले आणि प्रत्येकाने मला सगळे पहिल्यापासून सांगायला लावले.

आपला,
एक गाडीमालक व शेतकरी