खाजकुहिलीच्या डबीवर लेव्होडोपाचे प्रमाण छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मेंदूविकारांवरील वनौषधींविषयी अलीकडे आलेला लेख वाचला. त्यात ब्राह्मी, अश्वगंधा आणि खाजकुहिली या तिघींनाही मज्जातंतूंना बळ देणाऱ्या, निर्धोक वनस्पती म्हणून एकाच पंगतीला बसवले आहे. पहिल्या दोघींबद्दल मला येथे काही म्हणायचे नाही, पण खाजकुहिलीची गोष्ट निराळी आहे. कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनच्या आजारावर, आज जे मुख्य औषध दिले जाते ते लेव्होडोपा या वेलीच्या बियांत मुळातच असते. त्यामुळे तिचा गुण येतो हे खरे आणि ती निर्धोक नाही हेही तितकेच खरे. तिच्या चूर्णाच्या प्रत्येक डबीवर लेव्होडोपाचे प्रमाण छापणे सक्तीचे व्हावे, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता या नावांनी आयुर्वेदाला ही वनस्पती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन (हालचालींवर ताबा ठेवणारे, लेव्होडोपापासून बनणारे रसायन) कमी पडते हे मात्र १९६० च्या सुमारास व्हिएन्नात हॉर्नीकिएविच यांनी दाखवले आणि मोठ्या मात्रेतील लेव्होडोपाचा उपयोग १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी सिद्ध केला. म्हणजे औषध हाती आले तेव्हा ते कशावर द्यायचे हे ठरायला आणखी तीस वर्षे जायची होती. पुढे १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द खाजकुहिलीचाच कंपवातावरील उपयोग अभ्यासून प्रसिद्ध केला. लंडनमध्ये २००४ साली झालेल्या एका चाचणीत तर चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला. वनौषधींच्या जाहिरातींत हा निष्कर्ष हमखास भेटतो. त्या चाचणीत रुग्ण अवघे आठ होते, हे सहसा भेटत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोळा आठवड्यांच्या दुसऱ्या छोट्या चाचणीत १४ पैकी ७ रुग्णांना चूर्ण मध्येच सोडावे लागले, काहींना पोटाच्या त्रासामुळे तर काहींना हालचाली आणखी बिघडल्यामुळे.

आता मात्रेचा हिशेब पाहू. बियांत लेव्होडोपा साधारण चार ते सहा टक्के असते, पण वाण, जमीन आणि बी भाजले, भिजवले की उकळले यांनुसार हे प्रमाण बरेच बदलते. पाच टक्के धरले तर पाच ग्रॅम चूर्णात २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा झाले. डॉक्टरांच्या गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असते. ते लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामीन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ आटोक्यात राहते आणि कमी मात्रेत भागते. नुसत्या चूर्णात ही सोय नाही. परंतु आपल्याकडे बहुतेकदा गोळी चालू ठेवूनच, डॉक्टरांना न सांगता, वर चूर्ण घेतले जाते आणि मग गोळीतले कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपालाही मेंदूपर्यंत पोहोचवते. अशा रुग्णाच्या अंगाला अनावर हिसके बसू लागले, उभे राहताच रक्तदाब घसरू लागला किंवा भास होऊ लागले, तर डॉक्टर आजार वाढला असे समजण्याची शक्यता असते आणि घरच्यांना चूर्णाची आठवणही होत नाही. (चूर्ण दुधातून घेण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. प्रथिनांतील अमिनो आम्ले लेव्होडोपाच्या शोषणाच्या आड येतात, हे तो देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.)

ज्या गोळीत लेव्होडोपा आहे तिच्यावर ते मिलिग्रॅममध्ये छापलेले असते आणि ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तेच रसायन चूर्णाच्या रूपात आले की डबीवर ‘शुद्ध कपिकच्छू बीज चूर्ण’ एवढे छापून भागते, ही विसंगती मला तरी समजू शकलेली नाही. प्रत्येक घाण्यातील लेव्होडोपा मोजणे प्रयोगशाळेला अवघड नाही; आयुष मंत्रालयाने आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने एवढ्या एका वनस्पतीपुरता तरी तसा नियम करावा. मज्जाविकारतज्ज्ञांनीही कंपवाताच्या प्रत्येक रुग्णाला चूर्णाबद्दल विचारावे, आणि तेही न रागावता, कारण रागावले की रुग्ण पुढच्या खेपेला लपवतो.

शेवटी एक सूचना आवश्यक आहे. हे पत्र वाचून कोणी खाजकुहिली एकदम बंद करू नये. लेव्होडोपा अचानक तोडल्यास अंग ताठरणे, तीव्र ताप, शुद्ध हरपणे असे जिवावर बेतणारे परिणाम होऊ शकतात, मग ते गोळीतले असो वा चूर्णातले. चालू असलेली डबी घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखाली कमी करावी.

आपला विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा