टाकीतला स्वच्छ माल बघून खूश होऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या वाशीम भागात चियाचं, म्हणजे पाण्यात भिजवून खातात त्या बारीक बियांचं, पीक चांगलंच वाढलंय आणि आता फेब्रुवारीत काढणीला हार्वेस्टर येतील म्हणून हे पत्र. मशीन तीच असते, सोयाबीन-हरभऱ्याची सेटिंग घेऊन गावोगाव फिरणारी, आणि चियाचा दाणा केवढा तर हजार दाणे मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास.

गेल्या वर्षी ऑपरेटरला म्हटलं दादा कचरा उडवणारा पंखा जरा कमी करा, तर म्हणे साहेब मग दाण्याच्या टाकीत कचरा येईल आणि तुम्हीच बोंबलाल. खरं सांगतो, बोंबललोच असतो. माल एकदम स्वच्छ आला, मीही खूश, मग दुपारी सहज मागचं कुटार हाताने बाजूला सारलं तर खाली मातीवर राख सांडल्यासारखा चिया पडलेला. पंख्याने कचऱ्यासोबत दाणाही मागे फेकला होता आणि ते टाकीत बघून कळणार कसं?

तेव्हा हिशोब करून बघितला. फूटभर लांब-रुंद जागेत शंभर दाणे मागे पडले तर एकरी साडेपाच किलोच्या आसपास गेला, हजार पडले तर अर्ध्या क्विंटलच्या वर. आमच्याकडे तर कोणी मोजतच नाही. खरं तर वीस-पंचवीस फूट चालवून मशीन थांबवायची, मागे जाऊन दाणे मोजायचे, पण उभ्या पिकातही आधी किती गळलंय ते बघा नाहीतर सगळं पाप मशीनच्या माथी.

चियाचा दाणा लवकर सुटतो, त्यामुळे मळणीचा ड्रम हळू ठेवला तरी मळणी होते, पीक आत ओढणारी पुढची रील पण हळूच, नाहीतर कटरच्या पुढेच गळतं. पंखा आधी अगदी कमी ठेवून मग थोडा थोडा वाढवायचा आणि प्रत्येक वेळी मागे जाऊन बघायचं. खालची चाळणी बारीक भोकाची लागते, ती ऑपरेटरकडे आहे का हे सौदा ठरवतानाच विचारा, शेतात मशीन उभी राहिल्यावर विचारून काय फायदा. थोडा कचरा आला तर येऊ द्या, घरी चाळता येतो, मातीत गेलेला दाणा कोण वेचणार. आणि दव उडाल्याशिवाय सुरू करू नका, चिया ओला झाला की बुळबुळीत होतो आणि चाळणीला चिकटून बसतो.

अजून एक, मशीनच्या ज्या फटीत गव्हाचा दाणा अडतो तिथून चिया पाण्यासारखा गळतो. उभ्या मशीनखाली ताडपत्री टाकून पाच मिनिटं चालवली तर दाणा वर टाकीत नेणाऱ्या एलेव्हेटरच्या बुडाशी एक ढीग आणि टाकीच्या कोपऱ्याखाली दुसरा. चिकटपट्टी आणि सिलिकॉन लावून बंद केलं, शंभर-दीडशेचा खर्च.

ऑपरेटरचाही दोष नाही म्हणा, त्याला पैसे एकरावर मिळतात, सेटिंगमध्ये अर्धा तास गेला तर तो त्याच्या खिशातून जातो. कृषी विज्ञान केंद्रांनी जानेवारीतच एक मशीन उभी करून ऑपरेटर आणि शेतकरी दोघांना समोर बसवून हे दाखवावं, नुसती भाषणं नकोत. मी तर यंदा एकरी शंभर रुपये जास्त द्यायला तयार आहे, फक्त पहिला तासभर मी मशीनच्या मागून चालणार.

आपला,
एक चिया उत्पादक, ता. रिसोड, जि. वाशीम