खंडांची खरी कड दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण याआधी ज्यांनी मला वाटेला लावलं, तेही चारचौघांतच.

प्रश्न साधे होते. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका एकेकाळी जोडलेले होते, तर नकाशातले किनारे तंतोतंत का बसत नाहीत? आणि अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात माणूस पोचला कसा? एकाने ‘धड्यात आहे तेवढं पुरे’ म्हणून वही मिटली. दुसऱ्याने ठासून सांगितलं, खंड जोडलेले असतानाच माणसं चालत गेली. हे दोन खंड दुरावून मधला दक्षिण अटलांटिक महासागर उघडू लागला तो सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वी. आपल्या मानवजातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष, मोरोक्कोतले, सुमारे 3 लाख वर्षांचे. माहिती नसताना इतकं ठाम बोलायचं, याचा मला अजून राग आहे.

तुम्ही समुद्रतळाचा नकाशा पसरलात. किनाऱ्यावरून नाही, तर पाण्याखाली सुमारे 900 मीटरवर, जिथे खंडाचा उतार खोल समुद्राकडे घसरतो, तिथून पेन्सिल फिरवलीत आणि कात्री माझ्या हातात दिलीत. तुकडे जवळ सरकवले तशी ब्राझीलची टोकदार बाजू गिनीच्या आखातात जाऊन बसली. मी हरखून मान वर केली, तर तुमचं बोट नायजर नदीच्या मुखाशी होतं. तिथे कागदावर कागद चढला होता. ‘हे जुळत नाही, हे आधी बघा,’ म्हणालात. मग सांगितलंत, की तो त्रिभुज प्रदेश खंड दुरावल्यानंतर नदीने आणून टाकलेल्या गाळाचा आहे.

तेवढा कागद तुम्ही आधीच उडवला असतात, तर मला पत्ताही लागला नसता. हे पत्र त्या बोटासाठी आहे.

माणसांचं उत्तरही याच बुडालेल्या जमिनीवर निघालं. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता आणि बेरिंगची सामुद्रधुनी जेमतेम 50 मीटर खोल. म्हणजे सायबेरियापासून अलास्कापर्यंत सलग कोरडी जमीन! खंड तेव्हाही जवळपास आजच्याच जागी होते, पाणी तेवढं हटलं होतं. ऑस्ट्रेलिया तेव्हा न्यू गिनीला जोडलेला होता, पण आशियाच्या बाजूने मधला समुद्र काही आटला नाही. तिथे पोचलेल्यांनी निदान 50,000 वर्षांपूर्वी पाणी पार केलं, तेही पलीकडचं सगळं दिसत नसताना. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता.

जे जुळत नाही तेही समोर ठेवणारी माणसं मला फार मोठी वाटतात. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने 1912 मध्ये खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा ते कशाच्या जोरावर सरकतात हे त्याला पटेलसं सांगता आलं नाही. त्यावरून लोकांनी घेतलेली शंका रास्तच होती. पण मेसोसॉरससारख्या, महासागर पोहून जाऊ न शकणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म ब्राझीलमध्येही सापडतात आणि दक्षिण आफ्रिकेतही, त्याकडे पाठ फिरवणं रास्त नव्हतं. त्याच वर्षी अंटार्क्टिकावर ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे सोबती थंडीने, उपासमारीने मेले. त्यांच्याजवळ सुमारे 16 किलो दगड सापडले. ओढवत नव्हतं तरी टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे निघाले, भारतातल्या कोळशाच्या थरांत सापडतात तेच.

मॅडम, आता मी भारत आणि मादागास्कर कापायला घेतले आहेत. ते वेगळे झाले सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी, म्हणून आधी ते जोडून बघणार आहे. श्रीलंका भारतापासून सुटी केलेली नाही. मधला समुद्र इतका उथळ आहे, की दोघांची कड एकच निघते.

तुमची ऋणी,
एक विद्यार्थिनी