चि. मीनलला, कुंचीवरच्या फुलपाखराविषयी

बेळगाव,
22 नोव्हेंबर

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालीस की आज्जीचे चांदीचे अंगुस्तान आता मधल्या बोटात जात नाही, म्हणून ते पेटीत ठेवून दिले आहे. एवढे बोलून तू लगेच रंगांवर आलीस; माझे लक्ष मात्र त्या बोटापाशीच राहिले. सातव्या महिन्यात हातापायांवर थोडी सूज येते, हे मला ठाऊक आहे. तरीही रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी तुला घरी विश्रांती सांगितली आहे, आणि अशा वेळी बोटे किंवा चेहरा एकाएकी सुजला तर ते दवाखान्यात कळवायचे असते. तू कळवलेस का, एवढे मला लिही. हे पत्र बाळाच्या कुंचीवर तू भरणार असलेल्या फुलपाखराच्या, तू विचारलेल्या रंगांविषयी आणि टाक्यांविषयी आहे, तेव्हा त्याकडेच वळते.

फुलपाखराचे तुझे रेखाटन बाबांनी मोठे छापून आणले आणि मी ते खिडकीच्या काचेवर लावून पाहिले. दोन्ही बाजूंचे पंख तू इतके काटेकोर मापून काढले आहेस की कागदाची मधोमध घडी घातली तर रेषेवर रेष बसते. पुढचे पंख मागच्या पंखांवर किती चढतात, हेही तू विसरली नाहीस. शेजारच्या काकूंना दाखवले तेव्हा त्यांना ते छापील पुस्तकातले वाटले, आणि ते माझ्या मुलीने काढले आहे हे सांगताना मला फार बरे वाटले.

रंगांविषयी तू लिहिले आहेस की सगळी बाह्यरेषा काळ्या दोऱ्याने भरावी आणि आत दिसतील तितके रंग घालावेत. कुंचीचे कापड दुधी रंगाचे आहे. त्यावर डीएमसी या दोऱ्याच्या कंपनीचा 310 क्रमांकाचा काळा सगळीकडे फिरवलास, तर नजर त्या काळ्या रेषेवरच अडकेल आणि पंखांतली नाजूक फुले फिकी पडतील. काळ्याच्या जवळचा गडद तपकिरी 3371 घे आणि तो फक्त धडाला व मिशांना वापर. पंखांच्या कडांना गडद निळा 820 पुरेसा आहे. तो लांबून काळ्यासारखाच भारदस्त दिसतो आणि जवळून निळा राहतो.

मुख्य रंग दोनच घराण्यांतले असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या पंखांना निळे घराणे दे, म्हणजे 798, 799 आणि सर्वांत फिका 800. पुढच्या पंखांवरच्या फुलांना डाळिंबीकडे झुकणारे गुलाबी दे. त्यात 3685 गडद, 3687 मधला आणि 3688 फिका. फुलांच्या मध्याला फिका पिवळा 744 आणि पानांना 3345 व 3347 हे दोन हिरवे. एवढ्यात सगळे बसते. एका रंगाच्या तीन छटा जवळजवळ ठेवल्या की पाकळीला खोली येते. तीन वेगवेगळे झळझळीत रंग शेजारी ठेवले तर प्रत्येक जण स्वतःकडे ओढतो आणि फुलपाखरू म्हणून आकार उरत नाही. गडद छटा धडाजवळ ठेव आणि कडेकडे फिकी होत जाऊ दे.

हे निळे मी उगीच सुचवलेले नाहीत. परसातल्या लिंबावर येणारे ते काळे-निळे फुलपाखरू तुला आठवत असेल. त्याला ब्लू मॉर्मन म्हणतात, आणि सीमेपलीकडच्या महाराष्ट्राने 2015 मध्ये त्यालाच आपले राज्य फुलपाखरू ठरवले. त्याच्या मागच्या पंखांत काळा मखमली भाग धडाकडे असतो आणि पुढे तो फिका निळा पसरतो, त्यात पुन्हा काळे ठिपके. तू चौथीत असताना लिंबाच्या पानावरची अळी काचेच्या बरणीत ठेवली होतीस, रोज ताजी पाने घालत होतीस, आणि कोश फुटायच्या सुमारास शाळेला जाणार नाही म्हणून हटून बसली होतीस. ते बाहेर आले तेव्हा पंख चुरगळलेल्या कागदासारखे होते. मग शिरांमधून द्रव भरत गेला तसे ते हळूहळू पसरले, आणि वाळून ताठ होईपर्यंत फुलपाखरू तिथेच बसून राहिले. तू जेवायलाही उठली नाहीस. त्याच पावसाळ्यात तुला टायफॉइड झाला होता. आपण आजारी आहोत हे कळले तर बरणी काढून घेतील, या भीतीने तू डोके दुखत असल्याचे कोणालाही सांगितले नव्हतेस, आणि अंग भाजू लागले तेव्हाच आम्हाला कळले.

मीनल, मला याचीच काळजी वाटते. तू दुखणे लपवतेस. आता हातात सुई-दोरा आहे, म्हणजे डोके दुखले की तू म्हणणार, बारीक काम केले म्हणून दुखते. डोळ्यांपुढे काजवे चमकले, धूसर दिसले, तरी म्हणणार, दिव्याखाली बसले म्हणून. रक्तदाबाच्या दुखण्यात नेमकी हीच लक्षणे असतात. जोराची डोकेदुखी, नजरेत बदल, बरगड्यांखाली दुखणे, एकाएकी आलेली सूज, यांतले काहीही झाले तर ते भरतकामाच्या माथी मारू नकोस. सुई खाली ठेव आणि त्याच क्षणी, रात्र असली तरी, प्रसूती विभागाला फोन कर. मी पुन्हा उपदेशाला लागले, याचा राग मानू नकोस. अनिकेतराव तुझी किती काळजी घेतात हे मला दिसते, आणि तू स्वतः समंजस आहेस, हेही मी जाणते.

दोऱ्याचे सांगते. तू ग्लासगोला राहतेस आणि अँकरच्या लड्या मात्र बेळगावहून मागवतेस, याची बाबांना मोठी गंमत वाटते, कारण हा दोरा मुळात तुझ्या शेजारच्या पेझलीचा. नेपोलियनच्या युद्धांमुळे रेशीम मिळेनासे झाले तेव्हा तिथल्या क्लार्क घराण्याने गुळगुळीत, पक्क्या पिळाचा सुती दोरा काढला. कोट्स घराण्याची गिरणीही त्याच गावातली, आणि 1896 मध्ये दोन्ही एक झाले. काश्मिरी शालींची नक्कल करून कोयरीच्या शाली विणणारे गावही तेच. बाळ झाल्यावर, हिंडण्याफिरण्याची परवानगी मिळाली की तिथले संग्रहालय पाहून ये. आत्ता नको.

अँकर असो वा डीएमसी, लडी आठ मीटरची आणि दोरा सहापदरी असतो. सहाही पदर एकदम ओढून वेगळे करू नकोस, गुंता होतो. एकेक पदर वर ओढून काढ आणि मग हवे तितके पुन्हा एकत्र जुळव. असे केल्याने टाका सपाट आणि भरदार बसतो. दोरा हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरच घे. लांब दोरा कापडातून पुनःपुन्हा जाऊन झिजतो, त्याची चमक जाते आणि पीळ सुटतो. माझ्या दृष्टीने आखूड दोऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. एक दोरा संपला की काम बाजूला ठेवायचे, डोळे मिटून पडायचे, पाणी प्यायचे, आणि मगच नेढ्यात दुसरा ओवायचा. एवढा नियम माझ्यासाठी पाळ.

गडद निळा आणि गडद डाळिंबी यांचा रंग आधी तपासून घे. दोऱ्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून ठेव. डाग उमटला तर ती लडी बाळाच्या कपड्याला वापरायची नाही, कारण कुंची वारंवार धुतली जाणार. छटाही दिवसाउजेडीच निवड. तुमच्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो, आणि पिवळ्या दिव्याखाली 798 आणि 799 यांतला फरकही नीट कळत नाही. दुपारी खिडकीजवळ पडल्या पडल्या लड्या कापडावर मांडून ठरव, आणि क्रमांक लगेच कागदावर लिहून ठेव.

आता टाके. कापड बेतण्याआधीच रिंगमध्ये ताणून भर. कापलेल्या तुकड्याला रिंग धरत नाही. सुरुवात मागच्या पंखांपासून कर, कारण जे मागे आहे ते आधी भरले की पुढचे त्यावर स्वच्छ बसते. कडा दोन पदरांनी देठाच्या टाक्याने काढ, आणि वळणावर टाके लहान घे. मागच्या पंखांचा निळा भाग लांब-आखूड टाक्यांनी भर, आणि टाक्यांची दिशा धडापासून कडेकडे, शिरा जातात तशी ठेव. दिशा चुकली तर रंग कितीही चांगले असले तरी पंख मेलेला दिसतो.

पुढच्या दोन पंखांवर एकेक मोठा गुंफलेला गुलाब घे, आणि दोन्ही गुलाब धडापासून सारख्याच अंतरावर ठेव. आधी ही दोन मोठी फुले भर, मग त्यांच्याभोवती लहान. गुलाबाचे आरे पाच घे. संख्या विषम असेल तरच दोरा एका आऱ्यावरून व दुसऱ्याखालून आळीपाळीने जातो. मध्यभागी 3685, मग 3687 आणि बाहेर 3688, तीन पदरांनी. दोरा ओढून घट्ट करू नकोस, नाहीतर आरे आत खेचले जातात आणि फूल आक्रसते. लहान फुलांना लेझी डेझी, म्हणजे सुट्या साखळीच्या पाकळ्या, त्यांच्या मध्याला दोन वेढ्यांचा गाठीचा टाका, पानांना माशाच्या काट्यासारखा फिशबोन टाका. उरलेल्या जागा लगेच भरून टाकू नकोस. फुलांमध्ये थोडे दुधी कापड दिसले पाहिजे. धडाला आधी साखळी टाक्याची ओळ घाल, आणि त्यावर आडवा सॅटिन टाका दे, म्हणजे ते उंचावेल. मिशा एका पदराने आणि टोकाला गाठ. फुलपाखराच्या मिशांची टोके अशीच फुगीर असतात.

सुईवर दोरा गुंडाळून करायचे बुलियनचे गुलाब मात्र या कुंचीवर नकोत, जरी तुला ते सर्वांत सुंदर जमतात. त्यांची वेटोळी बांगडीत, अंगठीत अडकतात आणि उसवतात. सॅटिनचा टाकाही सेंटिमीटरपेक्षा लांब नको. सर्वांत महत्त्वाची उलट बाजू. आज्जी आपल्याकडची कसुती भरायची तेव्हा दोऱ्याला गाठ मारायची नाही, आणि गवंती टाका तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायचा. तिच्या इरकलीचा पदर उलटा करून तू सुलट कोणते म्हणून विचारायचीस. तशीच सुरुवात कर: दोऱ्याचे टोक मागे सोडून नंतर टाक्यांखाली ओवून टाक. एका फुलावरून दुसऱ्यावर लांब दोरा ओढत नेऊ नकोस, कारण तान्ह्या बाळाची बोटे अशा सुट्या दोऱ्यात अडकून आवळली जातात. शेवटी आतून मलमलीचे अस्तर येईलच.

आक्कांचा फोन आला होता. बाळ येण्याआधी त्याचे कपडे शिवू नयेत, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांनी जे सोसले आहे ते पाहता मी त्यांना उलट बोलू शकत नाही. तुला थांब म्हणण्याचेही माझ्या मनात नाही, कारण रिकाम्या हातांनी दिवसभर पडून राहणे तुझ्यासारखीला किती जड जाते, हे मला माहीत आहे. तू फक्त सपाट कापडावर फुलपाखरू भर. बेतणे, अस्तर लावणे आणि बंद शिवणे मी तिथे आल्यावर, बारशाच्या आधी करीन. आक्कांनाही मी तसेच सांगितले आहे, आणि त्यांचे समाधान झाले आहे.

पार्सल उद्या निघेल. त्यात लड्या, दोन जाडीच्या सुया, लहान रिंग, अस्तराची मलमल, आणि मोठ्या मापाचे एक साधे अंगुस्तान आहे. अँकरचे क्रमांक डीएमसीपेक्षा वेगळे असतात, म्हणून प्रत्येक लडीला जुळणाऱ्या डीएमसी क्रमांकाची चिठ्ठी बांधली आहे. अंगुस्तान सैल झाले तर मला आनंदच होईल. घट्ट झाले तर मला नंतर कळव, आधी दवाखान्यात कळव. सकाळ-संध्याकाळचे रक्तदाबाचे आकडे मला रोज पाठवत जा, चांगले असले तरी आणि नसले तरी, आणि मागचे पंख भरून झाले की त्यांचा फोटो उलट बाजूसह पाठव.

अनिकेतरावांना आशीर्वाद सांग.

तुझी,
आई