मुलाखत घेतलीत, तर निकालही कळवा

मा. संपादक,
स. न.

चाकण, भोसरी, हिंजवडीच्या कंपन्यांत मुलाखत देऊन आलेली बाहेरगावची कितीतरी मुलं-मुली पुण्यात कॉट बेसिसवर राहून फोनची वाट बघत असतात. निघताना ‘आम्ही कळवतो’ एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. महिना उलटतो, कोणी काही कळवत नाही. गावी जावं तर नेमका फोन आला म्हणजे पंचाईत आणि राहावं तर खोलीभाडं, मेसचे पैसे घरून मागवायचे. या भरवशावर हातातलं दुसरं काम नाकारणारेही मी पाहिले आहेत.

मी कारखान्याच्या पर्सोनेल विभागात नोकरी केली आहे, त्यामुळे कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे. एका जागेसाठी पोर्टलवरून अर्जांचा ढीग येतो, प्रत्येकाला उत्तर देणं जमत नाही, हे मान्य. पण मुलाखतीला बोलावलेले मोजकेच असतात आणि त्यांचा मोबाइल, ईमेल फॉर्मवर लिहून घेतलेला असतो. खरी गोम वेगळीच आहे. निवडलेला उमेदवार जुन्या कंपनीत नोटीस पिरियडवर, म्हणजे राजीनाम्यानंतरची मुदत भरत असतो, तो आयत्या वेळी फिरेल या धास्तीने दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्यांना टांगून ठेवलं जातं. मग त्यांना तसं स्पष्ट सांगा. प्रतीक्षा यादीत आहोत हे कळलं, तर ते आपला निर्णय आपण घेतील.

सरकारी भरतीत निदान माहितीचा अधिकार आहे. 2005च्या त्या कायद्याने साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी नोकरीत तसं कायद्याने विचारायची सोय नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने मात्र 1 जानेवारी 2026पासून हे कायद्यातच आणलं. 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात देऊन मुलाखती घेतल्या, तर त्या उमेदवारांना 45 दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवावंच लागतं. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल, कंपन्यांना स्वतःहून हा नियम करायला कोणाची आडकाठी आहे?

उमेदवारांनीही विचारायला कचरू नये. ‘मागे लागलो तर नाव कापतील’ ही भीती मनातून काढावी. आठवडा-दहा दिवसांनी, मुलाखतीचं बोलावणं आलं त्याच मेलला रिप्लाय करावा. पदाचं नाव, मुलाखतीची तारीख आणि निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे हा एक प्रश्न, बस्स. नवी मेल गर्दीत हरवते, जुन्या मेलखाली लिहिलं की आधीचा सगळा व्यवहार समोर येतो. रात्री-अपरात्री व्हॉट्सअॅपवर ‘सर, काही अपडेट?’ असं विचारणं मात्र टाळावं.

या मौनाचा फायदा भामटे उठवतात, हे त्याहून वाईट. कंपनीच्या नावाने बनावट ऑफर लेटर येतं आणि लॅपटॉपचं किंवा ट्रेनिंगचं डिपॉझिट भरायला सांगितलं जातं. वाट बघून थकलेला मुलगा पैसे भरून मोकळा होतो. नोकरी द्यायला कोणी पैसे मागितले, तर ते भरू नयेत. भरले गेलेच, तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आपल्याला एक विनंती. नोकरीच्या जाहिरातीत अर्जाची शेवटची तारीख छापतात, तशी ‘मुलाखत दिलेल्यांना निर्णय कधीपर्यंत कळवू’ ही तारीखही छापावी, असा आग्रह आपल्या वृत्तपत्राने जाहिरातदारांकडे धरावा.

– एक निवृत्त कर्मचारी, चिंचवड